यंत्राच्या म्होरं बोलायचं न्हाई

माझा भाऊ उमाजी गाढव हाय, हे मी आधीच सांगून टाकते. म्हंजी पुढं कुणी मला शिकवायला येऊ नगं. मी त्याची थोरली भन, राजूबाई. आमचं गाव बिदर जिल्ह्यातल्या औरादपासनं दीड कोसावर, कर्नाटकाच्या शिवेत. आमी मेंढरामागं फिरणाऱ्या घरातले. बापानं शेवटची मेंढरं विकली तवा उमा सोळा वर्षांचा होता. मेंढरं गेली, पर मेंढक्याची एक खोड त्याच्या अंगात राहिली ती राहिलीच.

खोड अशी, की जित्राबाच्या म्होरं त्याला नाव ठेवायचं न्हाई. मेंढी भाकड निघू दे, लंगडू दे, तिच्या देखत त्याचा उच्चार करायचा न्हाई. बोलायचंच असलं तर उठून लांब जायचं आन तिथं बोलायचं. आमचा बाप म्हणायचा, तिला कळतंय, तिनं मनावर घेतलं तर तुमच्या हातात ऱ्हायची न्हाई. आमी सगळ्यांनी ते ऐकलं आन मेंढरासंगं सोडून दिलं. ह्या शहाण्यानं ते ट्रॅक्टरला लावलं.

आगं बाई, काय तमाशा असायचा! शिवराज अण्णाच्या ट्रॅक्टरवर तो डायवर होता. ट्रॅक्टरात काय बिघडलं की हा खाली उतरायचा, अण्णाला हाताला धरून बांधाच्या पल्याड लिंबाच्या झाडाआड न्यायचा आन कानात सांगायचा, "अण्णा, क्लच घसरायलंय." अण्णा हसून बेजार व्हायचा. गावातली पोरं ट्रॅक्टरजवळ जाऊन मुद्दाम वरडायची, "लई भंगार हाय बघ हे!" तसा उमा ढेकूळ घेऊन त्यांच्या मागं धावायचा. हसा तुमी. मी पण लई हसले.

पर हात मातर सोन्याचा. तीस वर्षं ट्रॅक्टर, टिप्पर, जेसीबी, सगळं हाकलं त्यानं. कुणाची कोंबडी मारली न्हाई. बायको लवकर गेली, पोरगी तुळजा चार वर्षांची होती. तिला न्हाऊ-माखू घालून मीच वाढवली, कारण मला लेकरू न्हाई आन नवरा असून नसल्यासारखा होता, मग तोबी मेला. तुळजा माझी हाय, हे समजून ऐका. पोटची असती तरी यापरीस जास्ती नसती झाली.

उमाची कंबर धरली तवा जेसीबीच्या मालकानं त्याला काढून कोवळा गडी ठेवला. हा वर्षभर देवळाच्या कट्ट्यावर बसून ऱ्हायला. तेवढ्यात बेंगळुरूची एक संस्था आमच्या माळावर तळ टाकून बसली. पत्र्याचं शेड, पाण्याचा टँकर, दोन जीपा, आन आठ-दहा शिकलेली माणसं. माझ्याकडं त्यांच्या जेवणाचं काम आलं. ज्वारीच्या भाकरी आन आंबट वरण खाऊन ती माणसं माझ्या पाया पडायची तेवढी ऱ्हायली होती.

त्यांची मुख्य नेत्रावती मॅडम. हडकुळी, उंच, उन्हाला न भिणारी. बोलायची कन्नडात, आमालाबी येतंच की. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्या गावाला बसवून सांगितलं. हे ड्रोन आपलं आपण उडतंय, आपलं आपण उतरायची जागा हुडकतंय. पर उद्या माणसं बसलेलं यान चंद्रावर उतरायला जाईल, आन शेवटच्या घटकेला खाली धोंडा दिसला, तर आतल्या माणसाला दांडा हातात घ्यावा लागंल. तो दांडा माणसाच्या हाताला कसा लागतोय, जड का हलका, सरळ का आडमुठा, हे आमी हितं ड्रोनवर तपासायलोय. यान जसं वागंल तसं ह्या ड्रोनला वागायला लावलंय.

त्यासाठी तिला खरे पायलटबी पायजे होते आन ज्यानं जल्मात विमान बघितलं न्हाई पर ज्याचा हात बसलेला हाय असे डायवरबी. गावातले चौदा जण उभे केले. त्यात उमा निवडला. तळहाताएवढ्या डब्यावरचे दोन दांडे दोन अंगठ्यांनी धरायचे. बैलगाडीच्या चाकाएवढं ड्रोन वरनं आपलं आपण यायचं, दोन पुरुष उंचीवर थांबायचं, आन तिथनं खाली माणसानं उतरवायचं. उमानं पहिल्या दिवशी ते अंड्यागत खाली ठेवलं. मॅडमनं टाळ्या वाजवल्या.

आता नीट ऐका. उतरवून झालं की एक कागद भरायचा असायचा. त्यावर एक ते दहा आकडे. एक म्हंजी हाताला काय तोशीस न्हाई, यंत्र लेकरागत ऐकतंय. दहा म्हंजी ते हातात ऱ्हातच न्हाई. मॅडमचा नियम कडक होता. ड्रोन जमिनीला टेकलं की तिथंच, त्याच्या म्होरं उभं राहून, पंखे थांबायच्या आत आकडा सांगायचा. नंतर सांगितलेलं चालायचं न्हाई. माणूस विसरतोय, आन विसरलं की गोड बोलतोय, म्हणायची. तिचा मदतनीस प्रेमानंद कागद घेऊन शेजारी उभाच.

त्याच्या म्होरं! तिला काय ठावं, आमचा उमा यंत्राच्या म्होरं काय बोलंल ते.

"किती, उमाजी?"

"दोन, मॅडम."

रोज दोन. वारं सुटलं तरी दोन. मॅडम मधीमधी ड्रोनच्या आतलं वागणं बदलायची, एक दिवस अलवार, एक दिवस आडदांड, कुणाला न सांगता. बाकीचे कधी चार म्हणायचे, कधी सहा म्हणायचे, एक खरा पायलट तर आठ म्हणून दांडा टाकून गेला. उमाचे दोन ते दोन. मी भाकऱ्या घेऊन जायची तवा बघायची, त्याची बनियन पिळून काढावी अशी भिजलेली. टँकरमागं जाऊन दोन्ही अंगठे चोळत बसायचा. पर उतरवायचा असा, की यंत्रात खोट हाय असं कुणाला वाटूच नये. खोट सगळी हा अंगावर घ्यायचा.

आन खरं सांगू का, ती बापाची शिकवण तेवढीच न्हवती. मॅडम त्याला सगळ्यांम्होरं म्हणायची, "उमाजी, तुझ्यासारखा हात मी बेंगळुरूतबी बघितला न्हाई." हा पन्नाशीचा टकल्या माणूस नव्या नवरीगत लाजायचा. पहिले पंधरा दिवस दोन म्हणून झाल्यावर सोळाव्या दिवशी सात कुठल्या तोंडानं म्हणंल? शाबासकीला चटावला होता मेला.

त्यात शेडात उंदरं झाली आन ड्रोनच्या वायरी कुरतडायली. मग ते ड्रोन ठेवायचं कुठं? उमाच्या भाइरच्या खोलीत. त्यानं त्याच्यासाठी पलंग रिकामा केला आन आपण खाली घोंगड्यावर झोपायला लागला. म्हंजी माळावर ते म्होरं, घरात बी ते म्होरं. आमच्या घरात त्या यंत्राबद्दल वाईट शब्द निघायचा रस्ताच बंद झाला.

तुळजा तवा बावीस वर्षांची. बिदरला जाऊन फवारणीच्या ड्रोनचं शिकून आलती, सरकारी कागद होता तिच्याकडं. औराद तालुक्यातल्या तुरीवर फवारायची. गावातल्या बायका तोंडाला पदर लावून म्हणायच्या, पोरीची जात आन ड्रोन उडवायलीय. ती म्हणायची, "मावशे, तुझ्या तुरीवर अळ्या पडल्यावर ये, तवा माझी जात इच्यार." अशी तिखट. मला लई आवडायची तिची जीभ.

मॅडमनं सगळे कागद जुळवले आन एक वागणं पक्कं केलं. उमाच्या दोनांचा त्यात मोठा वाटा. आता दुसरा टप्पा, म्हणली, नव्या हातांचा. नवा हात म्हणून तुळजाला इच्यारलं. काम जमलं तर बेंगळुरूला कायमची घेऊ म्हणली. पोरगी माझ्या गळ्यात पडली. "आत्या, मी बेंगळुरूला जायलीय बघ! तुलाबी नेते, तिथं भाकरीला कुणी वाली न्हाई!"

त्याच आठवड्यात औरादच्या बाजारात उमानं मला गाठलं. मी मिरच्या बघायले. त्यानं मला हाताला धरलं आन भांड्याच्या दुकानामागं नेलं, अण्णाला लिंबाआड न्यायचा तसं. म्हणला, "अक्का, ते यंत्र खोटं वागतंय."

"कामून? काय झालं?"

"शेवटच्या पुरुषभर उंचीवर. उजवीकडं ढकललं की हलतच न्हाई. माणसाला वाटतंय कमी पडलं, म्हणून आणखी ढकलतो. तवा ते आधीचं आन आताचं दोन्ही एकदम करतंय. उसळी मारतंय. मी इवलंसं टोचतो आन अंगठा काढून घेतो, वाट बघतो. तुळजाला ते ठावं न्हाई. तिला हितं बाजारात आण, मी सांगतो."

मी काय म्हणलं असंल? मी राजूबाई, तोंडाळ म्हणून गावाला ठाऊक. मी म्हणलं, "गप बस. इतके दिवस दोन-दोन म्हणून आता पोरीला सांगणार? तिच्या पोटात काय ऱ्हातंय का? ती सरळ मॅडमला जाऊन सांगंल, तुझे सगळे कागद खोटे ठरतील, आन बापाच्या पायी पोरीचं बेंगळुरू जाईल. तुझ्या हाताला कळलं तसं तिच्याबी हाताला कळंल. तुझीच पोर हाय ती."

"आन न्हाई कळलं तर?"

"तुझ्या ह्या खुळापायी मी पोरीचं नशीब फुटू देणार न्हाई," म्हणलं आन मिरच्या घ्यायला गेले. तो भांड्यामागं उभाच होता. मग आला, माझी पिशवी उचलली आन मागनं चालायला लागला. मी थोरली. माझ्या शब्दाभाइर तो कधी गेला न्हाई, हे मला पुरतं ठावं होतं.

तुळजानं दुसऱ्या सोमवारी दांडा धरला. उडवणाऱ्याच्या म्होरं लावायची आडोशाची जाळी अजून यायची होती, तवर नुसती चुन्याची रेघ मारलेली, दहा पावलांवर. वारं पश्चिमेचं. ड्रोन वरनं आलं, दोन पुरुष उंचीवर थांबलं, खाली आलं. उमा माझ्या शेजारी उभा होता, त्याचे अंगठे हवेत हलायले. तिनं उजवीकडं ढकललं. हललं न्हाई. उमा पुटपुटला, "काढ, काढ, काढ." तिनं आणखी ढकललं.

उसळी मारून ते रेघेच्या अल्याड आलं. तिनं तोंडावर हात घेतला. पंख्यानं उजव्या हाताची दोन बोटं नेली आन डावा डोळा. एवढंच सांगते, यापुढचं माझ्यानं सांगवत न्हाई. तिला जीपमध्ये घातलं तवा माझ्या लुगड्यावर तिचं रक्त होतं आन ती म्हणायली, "आत्या, मी ढकललं होतं गं, ते हललंच न्हाई."

बिदरहून हैदराबादला नेलं. डोळा वाचला न्हाई.

गावाची तऱ्हा तर बघा. ज्या बायकांच्या तुरी तिनं वाचवल्या त्याच म्हणल्या, पोरीच्या हातात कशाला द्यायचं असलं. एकजण तर माझ्या दारात येऊन म्हणली, "आता हिला कोण करून घेणार?" मी तिला काठीनं हाकलली. पर तिचं बोलणं दारातच ऱ्हायलं.

महिन्याभरानं चौकशी आली. शेडात टेबलं मांडली, बेंगळुरूचे तीन साहेब बसले. मधल्या टेबलावर ते ड्रोन ठेवलं. तुळजा डोळ्यावर पट्टी बांधून बाकावर, मी तिच्या शेजारी. गाव खिडकीला लटकलेलं. चष्मेवाल्या मोठ्या साहेबानं फाईल उघडली. एक्केचाळीस कागद, म्हणला. उमाजीनं ह्याच वागण्यावर एक्केचाळीस वेळा ड्रोन उतरवलंय आन एक्केचाळीस वेळा दोन म्हणलाय. यंत्रात दोष न्हाई. चूक उडवणारीची. तिचा सरकारी कागद रद्द करायला लिहावं लागंल.

तुळजा उभी राहिली. "मी चुकले न्हाई साहेब. ते हललं न्हाई."

"बाळ, घाबरलं की असं वाटतंय," साहेब म्हणला. लई मायेनं म्हणला, आन मला त्याच्या थोबाडात द्यावी वाटली.

डोळा गेला, बोटं गेली, आता तिचं शिक्षण आन तिचं खरेपण बी जायला निघालं होतं. हात गेल्यावर माणसाकडं तेवढंच ऱ्हातंय. ती खाली बसली. मी उमाकडं बघितलं.

उमा पुढं आला. म्हणला, "साहेब, जरा भाइर चला, सांगतो."

"जे सांगायचं ते हितंच सांग. नोंद होते."

"मग ते भाइर न्या," त्यानं ड्रोनकडं बोट केलं.

साहेब म्हणला, पुरावा हाय, हालवता येत न्हाई. प्रेमानंद गालात हसला. उमानं टोपी काढली, ड्रोनकडं बघितलं, घाम पुसला, आन जल्मात पहिल्यांदा यंत्राच्या म्होरं बोलला. "हे वाईट हाय. हे पहिल्यापासनं वाईट हाय."

आन मग तो थांबेचना. कुठल्या उंचीवर ते ऐकंनासं होतंय, किती श्वासांनी जागं होतंय, वारं पश्चिमेचं असलं तर किती, उतरताना डावीकडं कमी आन उजवीकडं जास्ती कामून, बॅटरी अर्धी झाल्यावर उसळी कशी वाढते, आपण अंगठा कसा काढून घेतो, कुठवर वाट बघतो. अंगठे हवेत हलवून दाखवत होता. नेत्रावती मॅडम आधी पांढरी पडली. मग वही काढून लिहायला लागली. मग प्रेमानंदला म्हणली, "रेकॉर्ड कर, पळ!" तिचे गाल लाल झालते. "उमाजी, परत सांग, उसळीचं परत सांग. इतकं बारीक मला एकाही पायलटनं सांगितलं न्हाई." माझी पोर डोळ्यावर पट्टी बांधून बसलेली, आन ह्या बाईला आनंद झालता! तिला तो लपवताबी येईना. उमानं परत सांगितलं. तिसऱ्यांदाबी सांगितलं.

साहेबानं चष्मा काढला. "चूक यंत्राची हाय, असं लिहितो. मुलीचा कागद ऱ्हाईल." मग इच्यारलं, "हे तुला कधीपासनं ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं."

तुळजानं मान वळवली. एका डोळ्यानं बघायचं म्हंजी सगळं तोंड वळवावं लागतंय, ते तिला अजून जमायचं होतं.

"आप्पा, मग मला कामून सांगितलं न्हाई?"

उमा म्हणला, "घरात ते होतं, बाई. त्याच्या म्होरं कसं..."

खिडकीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दोघं-तिघं हसले. ट्रॅक्टरची जुनी गंमत आठवली असंल हलकटांना. तुळजानं हसणाऱ्यांकडं बघितलं न्हाई. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आत्या, तुला सांगितलंतं का ह्यांनी?"

उमानं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. टोपी हातात घेऊन जमिनीकडं बघत उभा ऱ्हायला, जणू त्याला उत्तर आधीच ठाऊक होतं. त्याला एक शब्द बोलायचा होता: बाजारात. बोलला न्हाई. थोरल्या भनीच्या म्होरं तो कधीच बोलला न्हाई.

मी म्हणलं, "न्हाई गं माय. मला कुठलं सांगतोय हा."

तिनं माझा हात धरला, तीन बोटांनी, आन घट्ट धरला. त्या दिवसापासनं ती माझ्या घरी ऱ्हातेय. बापाशी बोलत न्हाई. उमाची भाकर मी त्याच्या दारात ठेवते आन, तुळजा सांगते म्हणून, न थांबता लगेच परत येते. संस्थेनं त्याला पुन्हा कामाला बोलवलं होतं, तो गेला न्हाई. तुळजा जेवताना मला म्हणते, "आत्या, तुला ठावं असतं तर तू तरी मला सांगितलं असतंस," आन मी तिच्या ताटात आणखी वरण वाढते.